पहिला नग मालकाच्या घरी

कंपनीला पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि कंपनीला एकाएकी आठवणींचा उमाळा आला. एरवी दोन वर्षांपूर्वीची पावती घेऊन गिऱ्हाईक आलं, की 'आमच्याकडे नोंद सापडत नाही' म्हणून हात वर करणारी ही मंडळी, आता अर्ध्या शतकाचा इतिहास छापायला निघाली होती. जाड गुळगुळीत कागद, सोनेरी कडा, आणि मुखपृष्ठावर अर्थातच ती सही. थोरल्या मालकांची हिरव्या शाईतली सही, शेवटच्या अक्षराला लांबलचक शेपूट असलेली. देशभरातल्या तीनशे बारा दुकानांच्या पाट्यांवर, पिशव्यांवर, खोक्यांवर तीच सही. दुकानाचं खरं नाव कुणी घेतच नसे. फ्रिज कुठून घेतला, तर हिरव्या सहीतून. टीव्ही कुठून, तर हिरव्या सहीतून.

आक्कांनी त्या हिरव्या सहीच्या दुरुस्तीच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली होती. सहा वर्षांपूर्वी कंपनीने सगळ्या दुकानांतली टेबलं उचलली. यापुढे वस्तू दुरुस्त करून नव्हे, बदलून मिळेल, असं परिपत्रक निघालं आणि आक्कांना एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवण्यात आलं. ते घड्याळ महिन्याभरात बंद पडलं. आक्कांनी ते उघडून नीट केलं, तेव्हा आत एक चाक जागेवर नीट बसवलेलंच नव्हतं. चालवून न बघता दिलं असणार, असं म्हणून त्यांनी दिवसभर चिडचिड केली होती.

इतिहास लिहायला कंपनीने एक लेखक नेमला होता. पस्तिशीचा, नम्र, आणि यंत्रांच्या बाबतीत अगदीच भोळा. पहिल्या भेटीत आक्कांना त्याला स्क्रू आणि खिळा यांतला फरक सांगावा लागला. पण तो ऐकायचा मन लावून, हे खरं. तीनदा घरी येऊन त्याने टेबलावरची सगळी पद्धत विचारून घेतली आणि चौथ्या वेळी पाचव्या प्रकरणाचा कच्चा मजकूर पाठवला. अवजारांची नावं तेवढी तपासून द्या, असं वर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं.

आक्कांची आई चौऱ्याऐंशी वर्षांची. डोळ्यांना कमी दिसायचं, पण कान शाबूत. जुन्या नोकरांची नावं पुस्तकात येणार असं कानावर पडल्यापासून तिने 'ह्यांचं नाव येणार का' असा एकच धोशा लावला होता. पाकीट आलं तशी ती स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, मोठ्याने वाच. आक्का चष्मा लावून वाचायला लागल्या. प्रकरणाचं नाव 'आमची अग्निपरीक्षा'. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्या वाचता वाचता थांबल्या.

"थांबलीस का?" आईने विचारलं.

"अक्षर बारीक आहे."

"ह्यांचं नाव आलं का?"

"अजून नाही आलं," आक्का म्हणाल्या आणि ती चार वाक्यं गाळून त्यांनी पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

गाळलेली वाक्यं अशी होती: एका तपासनिसाच्या हलगर्जीपणामुळे सदोष टीव्ही बाजारात गेले. थोरल्या मालकांनी त्याला त्याच दिवशी घरी बसवले. विकलेला एकूण एक टीव्ही त्यांनी परत घेतला. त्या दिवसापासून विश्वास हेच आमचे दुसरे नाव झाले.

तो तपासनीस म्हणजे आक्कांचे वडील, नाना.

अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कंपनीने स्वतःच्या नावाचे टीव्ही विकायला नुकती सुरुवात केली होती. एका खेपेतले टीव्ही पाठीमागून तापायला लागले. एका घरात खिडकीचा पडदा पेटला, दुसऱ्या घरात एका बाईचा हात भाजला. त्या दिवशी नाना भर दुपारी घरी आले. हातात अवजारांची पेटी होती. पेटी जमिनीवर ठेवून ते एवढंच म्हणाले, "मी तो नापास केला होता."

आक्का तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. शेजारीपाजारी दारात जमले होते, सगळ्यांच्या नजरा घरात. लाजेने त्यांचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं. त्या वडिलांना म्हणाल्या, "मग तपासणीची चिठ्ठी दाखवा ना."

नानांनी पेटी कोपऱ्यात सरकवली. चिठ्ठी टीव्हीच्या आत डकवलेली असायची, ती दाखवणार कुठून? परत आलेले सगळे टीव्ही गोदामामागच्या अंगणात यंत्राखाली घालून चिरडले जात होते, वर्तमानपत्रवाल्यांना बोलावून, फोटो काढून. पुढची अकरा वर्षं नानांनी घराच्या दारात बसून इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त केले. इस्त्री परत न्यायला आलेला माणूस हसत हसत विचारायचा, नाना, आग नाही ना लागणार? नानाही हसायचे. त्या हसण्याची आठवण झाली की आजही आक्कांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि तरी वर्षभरात त्यांनी त्याच कंपनीत नोकरी धरली होती. दुसरं काम येत नव्हतं आणि शिकवलेलं नानांनीच होतं. पुढे लग्न होऊन आडनाव बदललं आणि ह्या कुणाच्या कोण, हे कंपनीत कुणाला आठवेनासं झालं. आक्कांनीही ते कुणाला सांगितलं नाही. एकतीस वर्षं त्या मूग गिळून बसल्या. नोकरीवर जायच्या पहिल्या दिवशी नाना फक्त म्हणाले होते, की चालवून बघितल्याशिवाय कशावर सही करू नकोस. तेवढं मात्र त्यांनी पाळलं.

आई दुपारची आडवी झाल्यावर आक्कांनी ते प्रकरण पुन्हा काढलं. हलगर्जीपणा. लिहिणाऱ्याचं काय जातं? माणूस मेला, टीव्ही चिरडले, खापर फोडायला डोकं आयतंच मिळालं, आणि वर त्याच्यावर सोनेरी कडा. त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि अवजारांची नावं न तपासताच पुढे वाचत गेल्या. चौथ्या पानावर त्या थबकल्या.

तिथे थोरल्या मालकांचं कौतुक होतं. प्रत्येक खेपेतला पहिला नग ते स्वतःच्या घरी नेत. माझ्या घरात जी वस्तू चालेल तीच गिऱ्हाइकाच्या घरी जाईल, असं ते म्हणत. त्या दुर्दैवी खेपेतला पहिला टीव्हीसुद्धा अखेरपर्यंत त्यांच्या दिवाणखान्यात होता, आणि त्यांच्या नातवाने तो आता मुख्य कचेरीतल्या दालनात मांडला आहे. शेजारी फोटो. काचेच्या पेटीत टीव्ही, खाली पितळी पाटी.

आक्कांनी ते तीनदा वाचलं. मग उठून पाणी प्यायल्या आणि चौथ्यांदा वाचलं.

हे लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं आणि छापणाऱ्यालाही, पण टेबलावर बसलेल्या माणसाला माहीत असतं. खेप आली की त्यातला पहिला नग, म्हणजे नमुना, तपासनीस दोन तास चालवून बघायचा. मग मागचं झाकण काढून त्याच्या आतल्या बाजूला चिठ्ठी डकवायचा. चिठ्ठीवर दोन ओळी असायच्या, वरची तपासनिसाची, खालची मालकांची. बाकीच्या नगांना चिठ्ठी नसे, बाहेरून नुसता शिक्का. मालकांकडे गेलेला नमुना पुढे कुठे जातो, हे मात्र टेबलावर कुणाला कळत नसे. म्हणजे त्या खेपेची चिठ्ठी एकच होती. ती चिरडली गेलीच नव्हती. एवढी वर्षं ती मालकाच्या दिवाणखान्यात, मालकाच्या डोळ्यांसमोर, झाकणाच्या आत बसली होती.

चिठ्ठीवर काय असेल, हा मात्र प्रश्न होताच. नाना म्हणाले होते नापास. पण नाना माणूसच होते. पोरीसमोर लाज वाटून एखादा बाप खोटं बोलूही शकतो. हा विचार मनात आला तेव्हा आक्कांना स्वतःचाच राग आला, पण विचार काही गेला नाही. त्या रागातच त्यांनी लेखकाला फोन लावला आणि सांगितलं, की प्रकरण तपासायचं तर मला तो टीव्ही प्रत्यक्ष बघावा लागेल.

लेखक खूश झाला. नाहीतरी छोट्या साहेबांचा, म्हणजे थोरल्या मालकांच्या नातवाचा, कुणातरी जुन्या कामगाराबरोबर फोटो हवाच होता. गुरुवारी सकाळी अकराला या म्हणाला.

मुख्य कचेरी अकरा मजल्यांची. खालच्या दालनात इतका थंडावा, की आक्कांनी पदर खांद्यावर लपेटून घेतला. छोटे साहेब वेळेवर आले. गोरेगोमटे, हसरे, बूट चकचकीत. आक्का, तुमच्यासारख्यांच्या कष्टांवर ही कंपनी उभी आहे, असं काहीसं ते बोलले. ते त्यांनी सकाळपासून आणखी किती जणांना ऐकवलं असेल, याचा हिशेब आक्कांनी केला नाही. फोटोवाल्याने दोघांना टीव्हीशेजारी उभं केलं. दोन फोटो झाले.

"टेबलावरची बाई हातात काही नसताना कशी दिसणार?" आक्का म्हणाल्या. "मी झाकण उघडते, साहेब बघताहेत, असा काढा."

छोट्या साहेबांना ही कल्पना फारच आवडली. काचेची पेटी बाजूला करण्यात आली, टीव्ही टेबलावर उलटा फिरवून ठेवण्यात आला, आणि मग स्क्रू-ड्रायव्हरचा शोध सुरू झाला. सांगायला लाज वाटते, पण देशभर विजेच्या वस्तू विकणाऱ्या त्या कंपनीच्या अकरा मजल्यांत एकही स्क्रू-ड्रायव्हर निघाला नाही. देखभाल विभागाने कळवलं, की अर्ज टाका, तीन दिवसांत माणूस पाठवतो. छोटे साहेब ओशाळून हसले. म्हणूनच तर एवढ्या वर्षांत ते झाकण कुणी उघडलं नव्हतं. उघडणारी माणसं ह्यांनी घरी पाठवली होती.

आक्कांनी पर्स उघडली आणि स्वतःचा काढला. लाकडी मुठीचा, नानांच्या पेटीतला.

सहा स्क्रू होते. पहिले चार सरळ सुटले, पाचव्याला गंज होता. आक्कांचा जीव टांगणीला लागला होता, पण हात ठरल्याप्रमाणे चालत होते. सहावा निघाला. त्यांनी झाकण दोन्ही हातांनी धरून हलकेच मागे ओढलं, आतल्या नळीला धक्का लागू न देता. धुळीचा भपकारा आला. शेजारी उभा लेखक शिंकला.

चिठ्ठी होती. पिवळी पडलेली, एका कोपऱ्यातून सुटलेली. आक्कांनी पदराच्या टोकाने धूळ टिपली.

वरच्या ओळीत पेन्सिलीने, नानांच्या उभट अक्षरांत लिहिलं होतं: दोन तास चालवला. मागे भाजतो. नापास. विकू नये. खाली नानांची सही आणि तारीख.

खालच्या ओळीत एकच शब्द होता. पाठवा. त्याखाली सही. हिरव्या शाईतली, शेवटच्या अक्षराला लांबलचक शेपूट असलेली.

ती सही कुणाची, हे त्या दालनात कुणाला विचारावं लागलं नाही. ती समोरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीची लावलेली होती. फोटोवाल्याने सवयीने तीन फोटो काढून घेतले आणि मग काहीतरी चुकलंय हे कळून कॅमेरा खाली घेतला.

छोट्या साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. ते काही वाईट माणूस नव्हते, आक्कांनी पुढेही असंच सांगितलं. आजोबांची गोष्ट त्यांना जशी सांगितली गेली तशी त्यांनी खरी मानली होती. पण धक्का ओसरायला त्यांना जेमतेम मिनिटभर लागलं, आणि मिनिटभरानंतर जे बोलले ते आजोबांचा नातू म्हणूनच बोलले. त्यांनी आक्कांना बाजूच्या खोलीत बसवलं, पाणी मागवलं, दार लावून घेतलं. हा तपासनीस तुमचा कोण, असं विचारलं. वडील, असं आक्कांनी सांगितलं. मग ते बराच वेळ काळजीच्या आवाजात बोलत राहिले. थोरले मालक आता नाहीत, ते बाजू मांडू शकत नाहीत. पुस्तक तयार आहे. समारंभ जवळ आलाय. ही चिठ्ठी शेवटी कंपनीची वस्तू आहे. आणि सगळ्यांत सोपा मार्ग त्यांनी शेवटी काढला.

"आपण हे प्रकरणच काढून टाकू, आक्का. तुमच्या वडिलांबद्दल वाईट शब्द राहणार नाही."

आक्कांना वाटलं, आपल्या कानाखाली कुणीतरी वाजवली. अडतीस वर्षं एका माणसाच्या तोंडाला काळं फासून ठेवायचं, आणि खरं काय ते उघड्यावर आलं की ते तोंडच खोडून टाकायचं. ह्यांना दुसरं काही येतच नव्हतं. बिघडलेलं दिसलं की फेकायचं आणि जागा भरायची. नानांनी दारात बसून दुरुस्त केलेली एकेक इस्त्री त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली.

"काढून नको," त्या म्हणाल्या. "दुरुस्त करून हवं. प्रकरण ठेवा, आग ठेवा, भाजलेली बाई ठेवा. चुकीचा भाग काढा आणि बरोबर भाग बसवा. त्याला एक वाक्य पुरतं. नमुना तपासनिसाने नापास केला होता, मालकांनी पाठवा म्हणून सांगितलं. तपासनिसाचं नाव घाला. पूर्ण नाव."

"ते मला नाही जमणार."

"मग झाकण मी नेते."

त्या उठल्या आणि बाहेर आल्या. टेबलावरचं झाकण त्यांनी पदरात गुंडाळून काखेत मारलं. छोटे साहेब मागोमाग आले, पण दालनात आता आठ-दहा माणसं जमली होती आणि एका साठीकडे झुकलेल्या बाईच्या हातातून प्लास्टिकचं झाकण हिसकावून घेण्याची त्यांची छाती झाली नाही. दारातला पहारेकरी मात्र आडवा आला. बिचारा नियमाचा माणूस. पास असल्याशिवाय कुठलीही वस्तू बाहेर जात नाही, म्हणाला. आक्कांनी त्याची वही मागितली. वस्तूच्या रकान्यात लिहिलं, टीव्हीचं मागचं झाकण, एक नग. कारणाच्या रकान्यात लिहिलं, दुरुस्तीसाठी. परत कधी, या रकान्यात लिहिलं, पुस्तक दुरुस्त झाल्यावर. आणि खाली स्वच्छ सही केली. पहारेकऱ्याने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी दुसरीकडे पाहिलं, आणि रकाने सगळे भरलेले असल्याने त्याने दार उघडलं.

लेखक धावत बसथांब्यापर्यंत आला. धाप लागलेली. फोटो माझ्याकडे घेतलेत, तिन्ही, म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, की मला खरंच ठाऊक नव्हतं, मला जे कागद दिले त्यात एवढंच होतं. त्याला झापायचे शब्द आक्कांच्या ओठांवर आले होते. चिठ्ठी न बघता सही केलीस, असं त्या म्हणणार होत्या. पण तसं म्हणायचा आपल्याला किती हक्क, हे आठवून त्यांनी तोंड मिटलं आणि बस आली तशी चढून गेल्या.

आई खिडकीशी बसली होती. आक्कांनी तिच्या मांडीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर झाकण ठेवलं, आणि गाळलेल्या चार वाक्यांपासून पहाऱ्यावरच्या वहीपर्यंत सगळं सांगितलं. आईने भिंग मागून घेतलं आणि एकेका अक्षरावर धरत वाचत गेली. पेन्सिलीच्या ओळीवरून तिने बोट फिरवलं. हिरव्या ओळीला बोट लावलं नाही.

"अक्षर ह्यांचंच," ती म्हणाली.

फोन वाजायला लागला. आक्कांनी नंबर पाहिला. मुख्य कचेरीचा होता. त्यांनी तो वाजू दिला. दोन तासांपूर्वी त्याच कचेरीत त्या एक वाक्य बदलून मागत होत्या. आता कंपनीने बोलायचं होतं आणि त्यांनी ऐकायचं होतं, आणि त्यांना घाई नव्हती.

"त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस, आठवतं?" आईने भिंग बाजूला ठेवत विचारलं.

आक्का म्हणाल्या, "आठवतं. चिठ्ठी दाखवा म्हणाले होते."

"तू तोंडावर म्हणालीस," आई म्हणाली. "मी अकरा वर्षं मनात म्हणत होते. रोज ताट वाढताना."

फोन थांबला आणि परत वाजायला लागला. आई झाकणावर हात ठेवून बसली होती. मग तिने मान वर केली.

"घे तो. आणि सांग त्यांना, पुस्तकात आणखी एक वाक्य घाला म्हणावं. घरच्यांनीही विश्वास ठेवला नाही, असं. तेही खरंच आहे."

आक्कांनी फोन उचलला. पलीकडून छोटे साहेब घाईघाईने काही बोलू लागले. आक्का म्हणाल्या, "थांबा. कागद-पेन घ्या. मी सांगते तसं लिहा." आणि त्यांनी दोन्ही वाक्यं सावकाश, अक्षर न अक्षर सुटं करून सांगितली, आणि मग त्यांच्याकडून ती परत वाचून घेतली.